टेम्प्लेटवरून केलेल्या व्हर्च्युअल मशिन्सना एकच आयपी पत्ता का मिळतो?

प्रश्न

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत केव्हीएम (लिनक्सवर व्हर्च्युअल मशिन्स चालवणारी यंत्रणा) आणि लिबव्हर्टवर (ती मशिन्स सांभाळणारे साधन) विद्यार्थ्यांसाठी व्हर्च्युअल मशिन्स तयार करायची आहेत. त्यासाठी उबंटू २२.०४ची अधिकृत क्लाउड इमेज (आधीच बसवलेल्या प्रणालीची तयार डिस्क-फाइल) घेतली आणि ती बूट न करता व्हर्ट-कस्टमाइझ या डिस्क-फाइलीत बदल करणाऱ्या साधनाने तिच्यात क्यूईएमयू गेस्ट एजंट, जीसीसी व गिट बसवून आशिया/कोलकाता हा टाइमझोन लावला. नंतर या फाइलच्या, म्हणजे टेम्प्लेटच्या, प्रती काढून प्रत्येक मशीनला वेगळा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) दिला. तरीही दोन मशिन्स एकाच वेळी चालू केली, की दोघांनाही एकच आयपी पत्ता मिळतो. मूळ इमेज एकदाही बूट झालेली नसताना सर्व प्रतींमध्ये ही समान ओळख कोठून आली?

उत्तर १

आपले लक्ष मॅक पत्त्याकडे आहे, पण उबंटूच्या क्लाउड इमेजमध्ये नेटवर्क सिस्टमडी-नेटवर्कडी ही सेवा सांभाळते, आणि ते डीएचसीपी सर्व्हरला (आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरला) स्वतःची ओळख सांगताना मॅक पत्ता नव्हे, तर मशीन-आयडीवरून (प्रत्येक लिनक्स प्रणालीचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) काढलेला क्रमांक पाठवते. हा क्रमांक सारखा असल्यामुळे लिबव्हर्टमागचा डीएनएसमास्क हा डीएचसीपी सर्व्हर दोन्ही मशिन्सना एकच ग्राहक समजतो.

बूट न होता मशीन-आयडी आला कसा, हे व्हर्ट-कस्टमाइझच्या आउटपुटमध्येच दिसेल. पॅकेजेस बसवण्याच्या आधी, ईटीसी डिरेक्टरीतील मशीन-आयडी फाइलमध्ये क्रमांक लिहिल्याची एक ओळ तेथे छापली जाते. मूळ इमेजमध्ये हा क्रमांक ठरलेला नसतो, आणि काही पॅकेजेसच्या स्क्रिप्ट्सना तो लागतो, म्हणून हे साधनच तो तयार करते. पुढे काढलेली प्रत्येक प्रत तोच क्रमांक घेऊन जन्माला येते.

उपाय असा की त्याच कमांडच्या अगदी शेवटी ट्रंकेट हा पर्याय देऊन ती फाइल रिकामी करावी. पर्याय ज्या क्रमाने लिहिले जातात त्याच क्रमाने अमलात येतात, त्यामुळे तो शेवटी असणे महत्त्वाचे आहे. फाइल रिकामी करावी, पुसू नये. ती नसेल तर सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सुरू करणारी मुख्य यंत्रणा) हे पहिलेच बूट आहे असे धरून कोणती सेवा चालू व कोणती बंद याच्या मूळ नेमणुका पुन्हा लावते, आणि आपण बंद किंवा चालू करून ठेवलेल्या सेवा त्यामुळे बदलू शकतात. रिकामी फाइल असेल तर फक्त नवा क्रमांक तयार होतो.

उत्तर २

वरील निदान योग्य आहे. नेटप्लान या उबंटूच्या नेटवर्क-मांडणीच्या फाइलीत डीएचसीपीची ओळख मॅकवरून घ्यावी असे लिहूनही आयपीचा प्रश्न सुटतो आणि अनेक ठिकाणी हाच सल्ला दिला जातो, परंतु मला तो अपुरा वाटतो. जर्नलच्या (सिस्टमडीच्या लॉगच्या) नोंदीही मशीन-आयडीनुसार ठेवल्या जातात, त्यामुळे सर्व मशिन्सच्या नोंदी पुढे एका ठिकाणी गोळा केल्यास त्या एकाच यंत्राच्या असल्यासारख्या दिसतील.

टेम्प्लेट कधी तपासणीसाठी बूट केलाच, तर एसएसएचच्या (दूरस्थ लॉगिनच्या) होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या, आणि क्लाउड-इनिटची (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणाऱ्या साधनाची) जुनी नोंदही त्यात राहते. अशा वेळी व्हर्ट-सिसप्रेप हे टेम्प्लेटमधील जुनी ओळख पुसणारे साधन चालवावे. ते होस्ट की काढते, आणि क्लाउड-इनिट असेल तर नव्या की आपोआप तयार होतात. क्लाउड-इनिट नसलेल्या डेबियन वा उबंटू मशीनमध्ये मात्र पहिल्या बूटला ओपनएसएसएच-सर्व्हर पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करण्याची आज्ञा द्यावी लागते, अन्यथा एसएसएच सेवा सुरूच होत नाही. शिवाय क्लाउड-इनिटला दिलेला इन्स्टन्स-आयडी (मशीन नवे आहे की जुने हे ओळखण्याचा क्रमांक) प्रत्येक मशीनसाठी वेगळा असावा.

प्रश्नकर्ता

फाइल रिकामी केल्यावर प्रत्येक मशीनला स्वतंत्र पत्ता मिळाला; दोघांचेही मनःपूर्वक आभार. पूर्ण प्रतींना जागा फार लागते, म्हणून टेम्प्लेट मूळ फाइल म्हणून ठेवून क्यूकाउ-२ (क्यूईएमयूचा डिस्क-फाइल प्रकार) मधील, फक्त बदल साठवणाऱ्या फरक-फाइली वापरायचा विचार आहे. पुढच्या सत्रात टेम्प्लेट अद्ययावत केला, तर विद्यार्थ्यांच्या मशिन्समध्ये ते बदल येतील का?

उत्तर ३

येणार नाहीत, उलट ती मशिन्स बिघडतील. फरक-फाइलीत फक्त बदललेले ब्लॉक असतात आणि उरलेले ब्लॉक मूळ फाइलीतून वाचले जातात. मूळ फाइल बदलली, की नव्या-जुन्या ब्लॉक्सचे मिश्रण होऊन फाइलसिस्टम विसंगत होते. म्हणून टेम्प्लेट तयार होताच त्याची लेखन-परवानगी काढून घ्यावी. सत्र बदलताना त्याची प्रत घ्यावी, तिच्यावर अपडेट चालवून मशीन-आयडी पुन्हा रिकामा करावा, आणि नव्या नावाने तो टेम्प्लेट ठेवावा. जुन्या फरक-फाइली जुन्याच टेम्प्लेटला जोडलेल्या राहू द्याव्यात.

फरक-फाइल तयार करताना क्यूईएमयू-इमेज या डिस्क-फाइली बनवणाऱ्या आज्ञेला मूळ फाइलचा प्रकारही सांगावा लागतो, क्यूईएमयू ६.१पासून तो दिल्याशिवाय आज्ञा नाकारली जाते. चालू मशीनच्या डिस्कवर व्हर्ट-कस्टमाइझ कधीही वापरू नये, त्याने डिस्क खराब होते. जुना टेम्प्लेट हटवण्यापूर्वी क्यूईएमयू-इमेजच्या इन्फो या आज्ञेने प्रत्येक मशीनची साखळी, म्हणजे तिची फरक-फाइल कोणत्या मूळ फाइलीला जोडली आहे हे, तपासून पाहावी.