मदत हवी आहे: पाड्यावर पोचून लसीचा डबा दुपारीच गरम होतोय

सुरगाण्याकडचा पाडा, नदी चढली की बेटच. शेवटचे दोन तास पायी. कॅरिअरमध्ये (लसीच्या डब्यात) चार आइसपॅक, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवून मगच भरलेले. सकाळी सातला ४ अंश, दुपारी दोनला १० च्या वर. झाकणाचं रबर नवं, डबा सावलीत, उघडी वायल (लसीची बाटली) फोमच्या खाचेत. व्हीव्हीएम (लस उष्णतेने खराब झाली का ते दाखवणारी बाटलीवरची खूण) अजून ठीक. दगडासारखे गोठलेले पॅक घाला असं सुचवू नका, पेंटाव्हॅलंट आणि टीडी या लसी गोठून वाया जातात. पाड्यावर वीज नाही, मोठा कोल्ड बॉक्स खांद्यावर नेणं अशक्य.

दुसऱ्या कॅरिअरमध्ये नुसते गोठलेले पॅक नेऊन बाराला बदलले तर? तेव्हाही आधी खळखळेपर्यंत थांबावं लागेल ना, आणि तोवर लसी कशात ठेवायच्या?