लहान विमानतळांवरचा शेजार

हौसेने लहान विमाने उडवणाऱ्या खासगी वैमानिकांत इतका घरोबा कसा होतो, हे अमेरिकेपुरते सांगतो. तिथल्या बहुतेक लहान विमानतळांवर विमानांना सूचना देणारा नियंत्रण मनोराच नसतो. त्यामुळे आपण कुठे आहोत आणि कोणत्या धावपट्टीवर उतरतो आहोत, हे प्रत्येकजण सामाईक रेडिओ वारंवारितेवर स्वतःच सांगतो, आणि माणसे चेहऱ्याआधी आवाजाने ओळखीची होतात. विद्यार्थ्याने पहिले एकट्याचे उड्डाण केले की त्याच्या सदऱ्याचा मागचा भाग कापून, त्यावर नाव व तारीख लिहून भिंतीवर टांगण्याची प्रथा आहे. शेजारच्या विमानतळावर केवळ खाण्यासाठी उडत जाण्याला ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ म्हणतात (इंधनाचे दर पाहता हे नाव आता स्वस्तच वाटते). १९९२पासून ‘यंग ईगल्स’ उपक्रमात असेच हौशी वैमानिक ८ ते १७ वर्षांच्या मुलांना विनामूल्य विमानातून फिरवतात.