आंब्याच्या सीझनआधी डिजिटल मशीन घ्यायचंय, कंट्रोलर कुठला?

कुडाळ_छापखाना

नमस्कार मंडळी. कुडाळला आमचा बाबांच्या वेळचा छापखाना आहे. एक सिंगल कलर ऑफसेट, एक कटिंग मशीन आणि मी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशावताराची हँडबिलं आणि फेब्रुवारीपासून आंब्याच्या पेट्यांची लेबलं. रंगीत काम आजवर कोल्हापूरला पाठवत आलो. आता डिजिटल प्रॉडक्शन मशीन घ्यायचं ठरवलंय. कॅनन, कोनिका, रिको, झेरॉक्स, चारही कोटेशनं हातात आहेत आणि वेगात फारसा फरक नाही.

अडलंय ते कंट्रोलरवर, म्हणजे फाइल मशीनला छापता येईल अशी करून देणाऱ्या कॉम्प्युटरवर. एक म्हणतो कंपनीचाच साधा कंट्रोलर घ्या, दुसरा म्हणतो फायरी नावाचा वेगळ्या कंपनीचा कंट्रोलरच घ्या. त्यातही मशीनच्या पोटात बसणारा की बाजूला उभा राहणारा सर्व्हर? या दोघांच्या किमतीतल्या फरकात माझं क्रीजिंग मशीन (जाड कागदाला घडीची रेघ पाडणारं) येईल. त्यात हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून जो तो पेटी आपलीच असल्याचा पुरावा मागतोय. यंदा दोन बागायतदारांना प्रत्येक लेबलावर वेगळा क्यूआर कोड हवाय. काय करू?

देवबाग_कलर

रे बाबा, मशीन घेवच्या आधी इंजिनेर खंय रवता ता विचार. पावसात घाट बंद पडलो की कोल्हापूरचो माणूस येवचो नाय आणि तुझ्या पत्रिकेचो मुहूर्त काय थांबाचो नाय.

चिपळूण_प्रेस

देवबागकर बोलले ते खरं. डीलरला विचार की ड्रम आणि फ्युझर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) सिंधुदुर्गात कुणाकडे शिल्लक असतात. "दोन दिवसांत मागवतो" हे उत्तर नाही.

आता कंट्रोलर. तुझ्या कामाला पोटातला फायरी पुरे. बाहेरच्या सर्व्हरचा प्रोसेसर तगडा असतो. एक जॉब छापत असताना पुढचे पाच जड जॉब रिप करायचे (फाइल छपाईच्या ठिपक्यांत बदलायची), असं दिवसभर चालणार असेल तर त्याचे पैसे वसूल होतात. कुडाळात तेवढी रांग लागली तर मला पेढे पाठव. कंपनीचा साधा कंट्रोलर पावतीपुस्तकाला चालेल, पण क्यूआरच्या लेबलांत तुला व्हेरिएबल डेटा लागणार. त्यात आंब्याचं चित्र, बागेचं नाव, पत्ता हे सगळं एकदाच रिप होऊन मेमरीत राहतं, पानागणिक फक्त कोड बदलतो. हे न जमणाऱ्या कंट्रोलरला दोन हजार पानांची पीडीएफ दिलीस की तो तेच चित्र दोन हजार वेळा नव्याने चावत बसतो आणि मिनिटाला सत्तर पानं ओढणारं मशीन बाजूला जांभया देतं. म्हणून कोटेशनवर व्हेरिएबल डेटा, इम्पोझिशन (मोठ्या कागदावर पानं मांडणं) आणि स्पॉट कलर (ठरावीक रंग जुळवणं) यांतलं काय किमतीत आहे आणि काय वेगळ्या लायसन्सचं आहे, ते लिहून घे. तोंडी नको.

डेमोला त्यांच्या फाइली बघूच नकोस. त्या कुठल्याही मशीनवर देखण्याच येतात. स्वतःचा पेनड्राइव्ह ने, आपली सगळ्यात वाईट फाइल दे आणि प्रिंट दिल्यापासून पहिला कागद बाहेर पडेपर्यंत घड्याळ लाव.

रंगाचं एक. हापूसचा झगझगीत केशरी चार रंगांच्या टोनरमध्ये पूर्ण उतरत नाही. बागायतदाराला मोबाइलवरचा रंग दाखवू नकोस, छापलेला कागद दाखवून त्यावर सही घे. कॅलिब्रेशनचं, म्हणजे रंग मोजून मशीन जुळवायचं स्पेक्ट्रो उपकरण कोटेशनमध्ये नसेल तर भांडून घे. त्याच्याशिवाय मार्चचा केशरी मेमध्ये परत मिळणार नाही.

पण माझे सगळ्यात जास्त पैसे पाण्यात गेले ते कंट्रोलरमुळे नाही, हवेमुळे. डिजिटलमध्ये टोनर विजेच्या भाराने कागदावर ओढला जातो. कागद दमट असला की भार टिकत नाही आणि सपाट रंगात देवीचे व्रण उठावेत तसे ठिपके येतात. पुढे फ्युझरच्या उष्णतेने त्याच ओलाव्याची वाफ होते, कागद पापडासारखा वळतो आणि पाठपोट जुळत नाही. पहिल्या पावसाळ्यात इंजिनिअरने माझं अर्धं मशीन बदललं. दोष आर्ट कार्डात होता, जे मीच आदल्या रात्री फोडून टेबलावर ठेवलं होतं.

तेव्हापासून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायची धडपड करतो. नुसत्या एसीने भागत नाही. रात्री तो बंद केलास की खोली परत दमट. डीह्युमिडिफायर वेगळा घे, जूनपासून रात्रंदिवस चालू ठेव आणि त्याचं वीजबिल दरात धर. रीम वेष्टणासकट मशीनच्या खोलीत दोन दिवस मुरू दे, लागेल तेवढीच फोड, उरलेली परत गुंडाळून ठेव. ट्रेमध्ये हीटर मिळत असेल तर घेच.

अर्थिंगला नवा खड्डा मार. आपला जांभा पाणी धरत नाही. एप्रिलमध्ये जमीन कोरडी ठणठणीत झाली की अर्थिंग कमजोर पडतं, आणि नेमका तोच तुझा सीझन.

आणि कंट्रोलर म्हणजे शेवटी कॉम्प्युटरच. लाइट गेली की त्याची डिस्क बिघडू शकते, म्हणून त्याला यूपीएस हवाच. सगळी मांडणी झाल्यावर पूर्ण बॅकअप घे आणि तो घरी ठेव, दुकानात नको. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी आलं तेव्हा माझा बॅकअप मशीनखालच्याच कपाटात होता.

रत्नागिरी_डीटीपी

दादा, सगळ्यात वाईट फाइल म्हणजे बाबांच्या काळातली पेजमेकरची पत्रिका न्या. जुने मराठी फॉन्ट युनिकोड नसतात. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झाला नसेल तर कंट्रोलर दुसराच फॉन्ट लावतो आणि नवरीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा उकिरडा येतो. माझ्याकडे एकदा तसाच छापून गेला. नवरीच्या मामांचं बोलणं अजून कानात आहे. आता मी कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करूनच फाइल पाठवते.

क्लिकचंही बघा, म्हणजे छापलेल्या पानामागे कंपनी जे पैसे लावते त्याचं. १२ बाय १८ चा कागद एक क्लिक धरतात की दोन, आणि दरमहा किमान किती क्लिकचं बिल लावतात? आपलं काम आंबा, लग्नं आणि गणपतीला. जुलैत मी दुकान उघडते ते फक्त माश्या मारायला. किमान आकडा महिन्याचा न ठेवता वर्षाचा करून मागा. मला आधी नाही म्हणाले होते, तिसऱ्या फोनला मान्य केलं.

कुडाळ_छापखाना

काका, ताई, देवबागकर, आभार. पोटातला फायरी आणि क्रीजिंग मशीन, असं ठरवतोय. डेमो पुढच्या सोमवारी आहे, बाबांची १९९८ ची पत्रिका सापडली, तीच नेतो. आर्द्रता मोजायचं यंत्र कालच आणून खोलीत लावलं. एसी चालू असताना ७४ दाखवतंय.

चिपळूण_प्रेस

अजून पाऊस यायचाय. डीह्युमिडिफायर आधी आण, मशीन मागाहून.