तान्ह्या मुलीची कथा आणि तांब्याची पेटी

सातव्या शतकात चीनवर सत्ता गाजवणाऱ्या वू झेत्येनने, सम्राटाची उपपत्नी असताना, महाराणी वांगवर आळ यावा म्हणून स्वतःच्या तान्ह्या मुलीचा जीव घेतला, हे पुष्कळदा निर्विवाद सत्य म्हणून मांडले जाते. ते मला पटत नाही. ६८४ साली बंडखोरांच्या वतीने कवी लुओ बिनवांगने लिहिलेल्या जाहीरनाम्यात तिच्यावर बहीण, भाऊ, सम्राट आणि आई यांच्या हत्येचे आरोप आहेत, पण मुलीचा उल्लेखसुद्धा नाही. इतके जहाल अस्त्र हाती असते, तर शत्रूने ते नक्कीच वापरले असते. प्रसंगाचे रंगवून केलेले वर्णन तांग राजघराण्याच्या १०६०च्या ‘नव्या तांग इतिहासा’त, म्हणजे चार शतकांनी येते, आणि कादंबरीकार व मालिकावाले नेमके तेच उचलतात.

ती निर्दय होती, याबद्दल मात्र माझे दुमत नाही. त्यासाठी ६८६ साली तिने राजधानी लुओयांगमध्ये लोकांच्या तक्रारी आणि चुगल्या गोळा करायला बसवलेली तांब्याची पेटी पाहावी. तिला चार दिशांना चार फटी होत्या आणि आत टाकलेला कागद टाकणाऱ्यालाही परत काढता येत नसे. ही पेटी सुचवणाऱ्या यू बाओजियाने बंडखोरांना शस्त्रे बनवून दिली होती, अशी चुगली थोड्याच दिवसांत त्याच पेटीत पडली आणि त्याला देहदंड झाला.