मोजक्या खर्चात घर प्रसन्न वाटावे यासाठी सुरुवात कोठून करावी?

भाडेकरू

आम्ही दोघे एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. घराची अवस्था वाईट नाही, गळती नाही, शेजारही चांगला आहे. तरीही संध्याकाळी दार उघडून आत पाऊल टाकले की मन उगाचच खट्टू होते. बाहेरच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तिच्यासमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. छताला मध्यभागी एक पांढरी ट्यूब आहे. भिंतींचा रंग मळकट पिवळा असून तो बदलायला घरमालक परवानगी देतील असे वाटत नाही. आठवड्यातले काही दिवस मी घरूनच काम करते, त्या दिवशी तर दुपारपासूनच मरगळ जाणवू लागते.

घराच्या सजावटीविषयी जे काही वाचले, त्यात नवा सोफा घ्या, एका भिंतीला गडद रंग द्या, भरपूर झाडे आणा असेच सल्ले सापडले. एकदम मोठी रक्कम काढणे आम्हाला शक्य नाही. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकता येईल. तेव्हा पहिला खर्च कशावर केला म्हणजे फरक खरोखर जाणवेल आणि कोणते खर्च टाळावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी खिडकी

तुमच्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे, कारण मन कधी आणि कोठे खट्टू होते हे तुम्ही नेमके सांगितले आहे. दुपारनंतरची बाहेरची खोली आणि संध्याकाळी दार उघडतानाचा क्षण, या दोनच गोष्टी आधी सुधारायच्या आहेत. सगळे घर सजवायला निघालात तर पैसे विखुरले जातील आणि तो क्षण तसाच राहील. दोन्ही ठिकाणी मूळ कारण मला प्रकाशाचे दिसते, म्हणून पहिला खर्च प्रकाशावरच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ढगाळ दिवशीही बाहेर सुमारे 10,000 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका उजेड असतो, तर घरात तो पुष्कळदा 100 ते 300 लक्सच्या आसपास येतो. डोळे या फरकाशी इतक्या सहजपणे जुळवून घेतात की तो आपल्या लक्षातही येत नाही, पण शरीराला तो कळतो. पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज डोळ्याच्या पडद्यात आणखी काही पेशी असतात, ज्यांतील मेलॅनॉप्सिन हे द्रव्य निळसर प्रकाशाला विशेष प्रतिसाद देते आणि ‘आता दिवस आहे’ हा निरोप मेंदूतील झोप-जागेच्या घड्याळापर्यंत पोहोचवते. म्हणून दिवसा भरपूर उजेड आणि संध्याकाळनंतर मंद, पिवळसर प्रकाश असा क्रम शरीराला मानवतो. तुमच्या घरात आज नेमके उलटे होत असावे: दिवसा अंधूक आणि रात्री पांढरा लख्ख.

दिवसाच्या उजेडासाठी जवळजवळ काहीच खर्च लागत नाही. खिडकीच्या काचा आणि जाळी दोन्ही बाजूंनी धुऊन काढाव्यात. धुळीने भरलेली जाळी किती उजेड अडवते हे ती धुतल्यावरच कळते. पडद्याचा दांडा चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर पुढे गेलेला असावा, म्हणजे पडदा बाजूला सारल्यावर कापड काचेवर न राहता भिंतीवर सरकते. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच आत उपयोगी उजेड पोहोचतो आणि समोर भिंत असली तर त्याहूनही कमी, असा एक ढोबळ नियम आहे. कामाचे टेबल त्या मर्यादेच्या आत, शक्य तितके खिडकीजवळ आणावे. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सुचवत नाही. समोरची भिंत हेच तुमच्या खिडकीचे आकाश आहे. तिचा तेवढा भाग पांढरा करता येईल का, असे शेजाऱ्यांना नम्रपणे विचारून पाहावे. चांगला पांढरा रंग अंगावर पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे 80 टक्के परत पाठवतो, तर उघड्या सिमेंटची भिंत त्याच्या निम्माही पाठवत नाही.

आता संध्याकाळ. छताच्या मध्यभागी असलेली एकच ट्यूब सगळीकडे सारखा प्रकाश टाकते, तरी कोपरे मिटलेलेच राहतात आणि चेहऱ्यावर वरून सावल्या पडतात. ती साफसफाईसाठी राहू द्यावी, पण संध्याकाळी तिच्याऐवजी दोन-तीन लहान दिवे लावावेत: एक दारातून आत येताच समोर दिसणाऱ्या कोपऱ्यात, एक बसण्याच्या जागेजवळ. बल्ब घेताना खोक्यावरचे तीन आकडे पाहावेत. केल्विनचा आकडा प्रकाश पिवळसर आहे की पांढरा हे सांगतो; तो 2700 ते 3000, म्हणजे पिवळसर असावा, कारण 6500 म्हणजे थंड पांढरा प्रकाश. वॅट म्हणजे विजेचा वापर आणि ल्यूमेन म्हणजे प्रत्यक्ष प्रकाश, हे ध्यानात ठेवून प्रत्येक लहान दिव्यासाठी 400 ते 500 ल्यूमेन पुरेसे धरावेत. तिसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचे माप. तो 80 असला तर चालतो, पण 90 च्या पुढे असला तर अन्न, कपडे आणि माणसांच्या चेहऱ्यांचे रंग जिवंत दिसतात. आपल्या संध्याकाळी याच गोष्टी पाहण्यात जातात, म्हणून या एका बाबतीत मी थोडा जास्त खर्च करायला सांगेन.

रंगारी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. रंग आणि झाडे या दोन गोष्टींबद्दल मात्र लिहावेसे वाटते, कारण कमी पैशांत घर सजवू पाहणाऱ्यांची सर्वात जास्त दिशाभूल येथेच होते.

पिवळा रंग आनंद देतो, निळा शांत करतो, अशी विधाने फार ठामपणे केली जातात. 1979 मध्ये कैद्यांच्या कोठडीला विशिष्ट गुलाबी रंग दिल्यास आक्रमकता कमी होते असे सांगितले गेले आणि त्या रंगाला मोठी प्रसिद्धी मिळाली. पुढे काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत तसा परिणाम आढळला नाही. म्हणून रंगाच्या नावावरून मनाचा अंदाज बांधू नये. रंग फिकट आहे की गडद, तो किती उजेड परत देतो आणि तुम्हाला स्वतःला तो आवडतो का, एवढेच विचारात घ्यावे. भिंतींना परवानगी नसली तरी फक्त छत पांढरे करू का, असे घरमालकांना विचारून पाहा. या विनंतीला नकार मिळण्याचे प्रमाण कमी असते आणि उजेडाच्या दृष्टीने छताचे महत्त्व मोठे असते. इमारत फार जुनी असेल तर आधीच्या थरांत शिसे असू शकते, त्यामुळे तो रंग कोरडा घासू नये. तेही शक्य नसेल, तर सर्वात काळवंडलेल्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत एक मोठे फिकट, साधे कापड सोडावे. घर सोडताना ते काढून नेता येते.

झाडांविषयीही असेच आहे. घरातील झाडे हवा शुद्ध करतात ही समजूत मुख्यतः 1989 च्या एका अभ्यासातून आली, पण ते प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाले होते. 2019 च्या एका आढाव्यानुसार, साध्या वायुवीजनाइतकी हवा स्वच्छ करायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील. मग झाडे आणूच नयेत का? जरूर आणावीत, पण डोळ्यांसाठी. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना केली होती: ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती त्यांना विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी जाता आले आणि तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्णांची संख्या लहान होती, त्यामुळे त्यावर फार मोठा दावा उभारू नये. तरी तुमच्याही खिडकीसमोर भिंतच आहे, म्हणून एक-दोन कुंड्या खोलीच्या कोपऱ्यात न ठेवता खिडकीच्या कठड्यावर ठेवाव्यात, म्हणजे नजर आधी पानांवर थांबेल. मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट कमी उजेडातही टिकतात. ते मरतात ते बहुधा जास्त पाण्याने.

निवांत

दिव्यांचे महत्त्व मान्य आहे, पण क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. काही विकत आणण्याआधी घरातून काही बाहेर काढावे आणि काही दुरुस्त करावे. संध्याकाळी दार उघडल्यावर नजर प्रथम कशावर पडते ते एकदा उंबऱ्यात उभे राहून पाहा. पुष्कळ घरांत ती कपड्यांचा ढीग साठलेली खुर्ची असते. तेवढी एक जागा रोज रिकामी राहिली, तरी घरात शिरण्याचा अनुभव बदलतो. 2010 च्या एका अभ्यासात, आपल्या घराचे वर्णन पसारा आणि अर्धवट कामांच्या भाषेत करणाऱ्या स्त्रियांमध्ये दिवसभरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, हवे तसे उतरत नसल्याचे दिसले होते. पसाऱ्यामुळे ताण येतो की ताणामुळे पसारा होतो, हे त्यातून ठरत नाही, पण दोघांचे नाते आहे एवढे खरे. पसाऱ्यासाठी आधी डबे आणि खोकी विकत घेऊ नयेत; नको असलेल्या वस्तू फक्त नजरेआड जातात आणि पैसेही जातात.

दुसरी गोष्ट आवाजाची, जिच्याकडे सजावटीच्या सल्ल्यांत कोणाचेच लक्ष नसते. ठिबकणारा नळ बहुतेक वेळा एका वायसरने थांबतो, करकरणारी बिजागरी तेलाच्या दोन थेंबांनी गप्प होते, अडकणाऱ्या लाकडी खणाच्या कडेवर मेणबत्ती घासली की तो सरळ सरकतो. खुर्चीच्या पायांखाली जाड कापडाचे तुकडे चिकटवावेत. खोलीत आवाज घुमत असेल तर एक सतरंजी आणि जाडसर पडदा यांनी तो बराच निवतो. या प्रत्येक गोष्टीचा त्रास एवढासा असतो, पण तो दिवसातून अनेक वेळा होतो आणि घर आपल्याविरुद्ध आहे अशी भावना त्यातूनच तयार होते. सुगंधी मेणबत्त्यांवर मात्र खर्च करू नये. कोंदट वास येत असेल तर ओल कोठून येते ते शोधावे आणि हवा खेळती ठेवावी.

एक काळजीपोटी लिहितो. ही मरगळ घराबाहेर पडल्यावर जात असेल तर हे सगळे उपाय उपयोगी आहेत. ती बाहेरही सोबत राहत असेल आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर डॉक्टरांशी बोलण्यास संकोच करू नये.

भाडेकरू

सर्वांचे मनापासून आभार. बाहेर पडले की मला बरे वाटते, त्यामुळे प्रश्न घराचाच आहे. दोन अडचणी आहेत. खिडकीजवळ सध्या पलंग आहे आणि माझे टेबल आतल्या खोलीत आहे. शिवाय बाहेरच्या खोलीत एकच सॉकेट आहे, मग तीन दिवे कसे लावावेत?

जुनी खिडकी

पलंग आणि टेबल यांची अदलाबदल करावी. झोपेला अंधारच हवा असतो, त्यामुळे आतली खोली पलंगासाठी उलट अधिक योग्य आहे. तीन लहान एलईडी दिव्यांची वीज मिळून 15-20 वॅटच्या आसपास असते, म्हणून एका सॉकेटवर भार येण्याची भीती नाही. चांगल्या प्रतीचा एकच एक्स्टेन्शन बोर्ड घ्यावा, त्याला दुसरा बोर्ड जोडू नये आणि वायर सतरंजीखालून न नेता भिंतीच्या कडेने न्यावी. स्वतंत्र बटण असलेला बोर्ड दारापासून हात पोहोचेल असा बसवावा. अंधारात चाचपडत तीन दिवे लावावे लागले तर काही दिवसांनी पुन्हा ट्यूबच लावली जाते.

‘निवांत’ यांचे क्रमाबद्दलचे म्हणणे मला पटले. या महिन्यात अदलाबदल, जाळी आणि दारासमोरची जागा एवढे विनाखर्च उरकावे, पुढच्या महिन्यात बोर्ड आणि दारासमोरचा पहिला दिवा घ्यावा, बाकीचे दोन त्यानंतर. टेबल खिडकीला काटकोनात ठेवावे, म्हणजे उजेड बाजूने येईल आणि स्क्रीनवर चकाकी येणार नाही.