दिवाणी वकिलीची पहिली वर्षं : आपापले अनुभव लिहा

सनद घेऊन पुण्यात दिवाणी बाजूला उतरलेल्यांसाठी हा धागा. कुठून आलात, कोणत्या कामावर हात बसला, पैशांचं कसं जमवलं, मोकळेपणाने लिहा. अशिलांची नावं आणि दाव्यांचे नंबर तेवढे नकोत.

मुक्काम कोथरूड
वडील बँकेत, घरात वकील कोणी नाही. शिवाजीनगर कोर्टात सुरुवातीला काम एकच : सिनिअर दुसऱ्या कोर्टात अडकले की उभं राहून तारीख मागणं. मजा यायची ती संध्याकाळी, ऑफिसात जुनी प्रकरणं वाचताना. हवेली-मुळशीच्या जमिनींना भाव आला तसे वाटपाचे दावे आले, आमच्याकडे त्यात बऱ्याचदा वादी मुली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायिक केलं, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार. त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ला, वडील हयात असण्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या २०२०च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं. कॉलेजात इथवर येतं. पुढचं फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, वाचल्याशिवाय येत नाही. आजोबा कधी वारले, वारसनोंदीत आत्यांची नावं सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त कशी गेली, आणि जमीन विकली असेल तर खरेदीखत २० डिसेंबर २००४च्या आधीचं की नंतरचं? आधीचं असेल तर या दुरुस्तीच्या जोरावर ते मोडता येत नाही. अशील कितीही पोटतिडकीने बोलत असो, मी आधी खरेदीखताची तारीख बघतो.

इंदापूरची
बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४मध्ये शहरातल्या ज्युनिअरला महिना किमान २०,००० द्यावेत अशी शिफारस केली. सिनिअरांना दाखवली. “चांगलंय,” म्हणाले आणि निशाणी पाचचा (तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचा) लेखी युक्तिवाद टाइप करायला दिला. मला त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते, भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून मेसचे पैसे सुटतात. शिकवतात मात्र जीव लावून, म्हणून टिकलेय.

बांधावरून
मावळातलं शेतकरी घर, शिक्षण मराठी माध्यमात. इंग्रजी ड्राफ्टिंगची धास्ती अजून आहे. उलटतपासात मात्र फायदा होतो. साक्षीदाराला गट नंबर विचारला की तो गोंधळतो. ओढ्याकडचा आंबा कोणाचा म्हणून विचारा, चारी बाजूंचे शेजारी धडाधड सांगतो. हे बघूनच सिनिअरांनी वहिवाटीच्या एका दाव्यात उलटतपास माझ्याकडे सोपवला.

परीक्षार्थी
मला न्यायाधीश व्हायचंय. मे २०२५च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला ३ वर्षं वकिली सक्तीची झाली. आता चेंबरमध्ये माझ्यासारखेच बरेच दिसतात. सिनिअर लोक पहिल्याच भेटीत विचारतात, “राहणार की जाणार?” खरं सांगितलं की कामं नोटरी आणि कोर्टाच्या कागदांच्या नकला काढण्याचीच.

मुक्काम कोथरूड
@परीक्षार्थी, नकलांची कामं सोडू नकोस. नक्कल विभागातली ओळख कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.

इंदापूरची
आणि लघुवाद न्यायालयात कोणाकडे जागा असेल तर कळवा. भाडेकरूंचे दावे शिकायचेत. पगार आधी सांगा.