मानशीची दारं कुजतायत आणि आपण सोफ्याचं गणित सोडवतोय? विद्यापीठातलं संशोधन नक्की कोणासाठी?

खाजनकार (धागा सुरू करणारा)

गेल्या आठवड्यात घरी एक विषय निघाला आणि तो काही केल्या डोक्यातून जात नाही म्हणून इथे टाकतो. माझा भाचा ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, गणितात एमएस्सी करतोय. जेवताना सांगत होता की काटकोनात वळणाऱ्या एक मीटर रुंदीच्या पॅसेजमधून जास्तीत जास्त केवढा सोफा सरकवत नेता येईल, असा प्रश्न लिओ मोझर नावाच्या गणितज्ञाने 1966 ला विचारला, मग 1992 ला गर्व्हरने एक आकार काढून दाखवला, क्षेत्रफळ साधारण 2.2195 चौरस मीटर, आणि 2024 च्या नोव्हेंबरात कोरियातल्या योन्सेई विद्यापीठाच्या जिनऑन बेकने 119 पानांची सिद्धता मांडली की यापेक्षा मोठा सोफा शक्यच नाही. सांगताना पोराचे डोळे चमकत होते, जेवायचं विसरला होता.

आणि मी त्याच संध्याकाळी गुडघाभर चिखलातून घरी आलो होतो. आमच्या मानशीचं एक दार खालच्या बाजूने कुजलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मानस म्हणजे खाजनाच्या (खाडीकाठची, बांध घालून भरतीपासून राखलेली शेतजमीन) बांधातला लाकडी दरवाजा, भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतो आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलून तो उघडतो, वीज नाही मोटर नाही काही नाही, आपल्या पूर्वजांचं इंजिनिअरिंग आहे ते. पण दार कुजलं की खारं पाणी आत शिरतं आणि कोरगुट भात खारं सोसणारं असलं तरी त्यालाही मर्यादा आहे. आमच्या शेजारच्या चार कुणग्या (शेताचे तुकडे) गेली दोन वर्षं पडीक आहेत.

आता मला सांगा, केवढंसं आपलं राज्य, पण विद्यापीठ 1985 पासून आहे, दोना पावलाला समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून, झुआरीनगरला बिट्स, कुंकळ्ळीला एनआयटी, फर्मागुडीला आयआयटी, अंटार्क्टिकाच्या मोहिमा वास्कोतून आखल्या जातात. एवढं सगळं असून कुजणाऱ्या दाराच्या जागी काय बसवायचं, त्याचं वजन किती ठेवायचं, बिजागरी कुठली टिकेल, हे मला कोणी सांगत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनातला निम्मा वाटा तरी ती संस्था ज्या मातीवर उभी आहे तिथल्या प्रश्नांना मिळाला पाहिजे. सोफा नंतर.

पठारावरची

दादा, तुमच्या मानशीचं वाईट वाटलं, खरंच. पण निम्मा वाटा वगैरेला माझा ठाम विरोध आहे. मी रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, तर तिथलंच उदाहरण देते.

1974 साली मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉबसन यांना पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला रेणूंची मॉडेलं बनवायची होती. लाकडी गोळे म्हणजे अणू आणि काड्या म्हणजे बंध. गोळ्यांना भोकं कुठे पाडायची हे वर्कशॉपवाल्याला खुणा करून द्यायचं होतं. ते करताना त्यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागा बरोबर असतील तर काड्या खोचत गेलं की रेणूचा आकार आपोआप बरोबर येतो, म्हणजे आकाराची सगळी माहिती त्या भोकांतच आहे. मग खरे अणू घेऊन अशी रचना बांधता येईल का? हा विचार त्यांनी दहा-बारा वर्षं मनात ठेवला आणि 1989 ला पेपर आला. पुढे क्योतोचे कितागावा आणि बर्कलीचे यागी यांनी ते काम वाढवलं. आज असे पदार्थ (एमओएफ म्हणतात, धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली जाळी) इतके सच्छिद्र बनतात की दोन-तीन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग मावतो, ॲरिझोनाच्या वाळवंटात रात्रीच्या हवेतून पाणी ओढून दाखवलंय त्याने. 2025 चं रसायनाचं नोबेल तिघांना मिळालं. 1974 ला रॉबसन सरांना कोणी विचारलं असतं की या लाकडी गोळ्यांचा गावाला उपयोग काय, तर ते काय सांगणार होते?

आणि दुसरं, आमच्या प्रस्तावात आधीच 'समाजाला फायदा' असा एक रकाना असतो. तिथे सगळे जण कॅन्सर आणि पाणी शुद्धीकरण लिहितात. तुम्ही निम्म्याची सक्ती केलीत तर मानशींवर काम नाही वाढणार, प्रत्येक पेपरात मानस हा शब्द वाढेल.

म्हापसेकार

गणितावर असा किती पैसा जातो हो? फळा आणि खडू. मानशीसाठीचा पैसा सोफ्यावाल्याने नाही खाल्लेला.

खाजनकार

@म्हापसेकार फळा-खडूचं नाही बोलत मी. जागा, पगार, आणि हुशार पोरांची उमेदीची पाच-सहा वर्षं, हा खर्च धरा की. माझा भाचा हुशार आहे म्हणून तर मला लागतंय.

@पठारावरची बाय, गोष्ट छान सांगितलीस, पण ही लागलेली तिकिटं आहेत. न लागलेली किती, ती कोण मोजतं? 1974 ला असेच हजारो लोक कशावर तरी काम करत होते आणि त्यातलं बहुतेक कपाटात पडून आहे.

कुडचड्याचो_मास्तर

खाजनकार बाब, तुमच्या भाताचाच विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, मी बत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलंय.

दामोदर धर्मानंद कोसंबी. 1907 ला आपल्या कोसबेंत जन्म. आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते इतिहासकार म्हणून, कला अकादमीत त्यांच्या नावाने व्याख्यानं होतात तेव्हाही बहुतेक तेच. पण माणूस मूळचा गणिती. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना 1943-44 च्या सुमारास त्यांनी दोन कामं केली. एक असं की क्रोमोसोमवर दोन जीन एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे, पुढच्या पिढीत ते किती वेळा सुटे होतात त्यावरून काढायचं सूत्र. त्याआधी हाल्डेनचं सूत्र होतं, पण त्यात असं धरलेलं की एका जागी तुटलं तर शेजारी तुटायला काही अडचण नाही. प्रत्यक्षात अडचण असते, आणि कोसंबींनी ती हिशेबात घेतली. चार ओळींत मावणारं सूत्र आहे, बारावीच्या पोराला कळेल असं.

आता भात खारं पाणी कसं सोसतं ते शोधताना शास्त्रज्ञ काय करतात? खारं सोसणारी जात आणि न सोसणारी जात यांचा संकर करतात, पुढच्या पिढीतली शेकडो रोपं तपासतात आणि तो गुण क्रोमोसोमवर कुठे बसलाय याचा नकाशा काढतात. केरळच्या पोक्कळी भातातला खारं सोसायचा भाग असाच पहिल्या क्रोमोसोमवर सापडला, त्याला सॉल्टॉल म्हणतात. आणि भाताच्या असल्या नकाशांच्या पेपरांत अंतरं कशी काढली ते बघा, जागोजागी 'कोसंबी फंक्शन' लिहिलेलं सापडेल. ऐंशी वर्षं झाली. कोसंबींनी कुठल्या शेताचा प्रश्न घेतला नव्हता, खाजनाचा तर नाहीच.

दुसरं काम त्याहून शुद्ध गणितातलं, तेच पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे काढलं. त्याच कल्पनेवर आज मान्सूनच्या पावसाच्या आकड्यांतून मुख्य नमुने वेगळे काढतात. गोव्याच्या माणसाने केलेलं गणित गोव्याच्या पावसाला लागू पडतंय आणि ते शाळेत एकाही पोराला सांगितलं जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सत्तरीची_वाट

मास्तर, तुमचं वाचून अंगावर काटा आला, पण मी खाजनकारांच्या बाजूने. आमच्याकडे झऱ्याचं पाणी, माती, बेडूक, सगळ्याचे नमुने लोक घेऊन गेलेत. गाडी येते, बाटल्या भरतात, आमच्याकडे चहा पितात, आणि मग काय सापडलं ते कधीच कळत नाही. एकदा मी स्वतः दोन दिवस वाट दाखवत रानातून फिरलो, पुढे त्या झऱ्याचं पाणी प्यायला चांगलं की वाईट एवढं विचारायला तीन फोन केले, उत्तर नाही. 2021 ला शेळ-मेळावलीत आयआयटीची जागा रद्द झाली तेव्हा बाहेरचे म्हणाले गावकऱ्यांना शिक्षण नको. शिक्षण नको असं नव्हतं हो. जमीन आमची जाणार आणि ज्ञान कोणाकडे जाणार, हे आम्हाला कोणीच सांगत नव्हतं.

पठारावरची

@सत्तरीची_वाट हे मात्र शंभर टक्के मान्य. निकाल गावात परत येऊन मराठीत-कोंकणीत सांगणं हे कामाचाच भाग धरायला पाहिजे. आम्हाला कोणी अडवत नाही, पण कोणी विचारतही नाही, आणि फेलोशिप महिनोन्महिने रखडलेली असताना (कागदावर 2023 पासून 37,000 आहे) पेट्रोल घालून कोण जाणार.

आगरवाड्याचो

मी पेडण्याचा, आमच्या गावाचं नावच मिठागरांवरून पडलंय. मिठागराच्या चिखलात काय जगतं यावर संशोधन कशाला असं विचारणाऱ्यांनी स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिकाचं काम बघावं. अलिकांते विद्यापीठातला हा पोरगा, सांता पोलाच्या मिठागरातल्या एका जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवावर पीएचडी करत होता, एवढ्या मिठात हा मरत का नाही हा प्रश्न. त्याच्या डीएनएत त्याला पुन्हापुन्हा येणारे सारखे तुकडे दिसले, 1993 ला छापलं. मग दहा वर्षं तो तेच धरून बसला आणि शेवटी दिसलं की त्या तुकड्यांमधल्या जागेत विषाणूंचे डीएनए जपून ठेवलेत, आधी येऊन गेलेल्या शत्रूची नोंदवही जशी. तो पेपर तर एकामागून एक जर्नलांनी परत पाठवला, 2005 ला आला. त्यातूनच क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र. 2020 चं नोबेल दुसऱ्या दोघींना मिळालं आणि 2023 अखेर सिकल सेल या रक्ताच्या आजारावर त्यातून निघालेल्या उपचाराला ब्रिटन-अमेरिकेत परवानगी मिळाली.

माझे आजोबा मार्चच्या उन्हात लाकडी फावड्याने मीठ ओढायचे तेव्हा वाफ्यातलं पाणी गुलाबी-तांबूस दिसायचं, त्यांना एवढंच माहीत की रंग आला म्हणजे मीठ जवळ आलं. तो रंग अशाच जिवांचा असतो. पण ते अभ्यासायला आधी मिठागर तर उरलं पाहिजे. आमच्याकडची एकेक आगरं पडीक पडतायत.

खाजनकार

@आगरवाड्याचो बघ म्हणजे, मोहिकाला मिठागर दाराशी होतं! विद्यापीठाने गावातली गोष्ट हातात घेतली म्हणूनच झालं ना ते? माझा मुद्दाच सिद्ध झाला.

आगरवाड्याचो

गावातली घेतली, पण मीठ वाढवायला नाही घेतली. सक्ती असती तर त्याला मिठाचं उत्पादन वाढवायचं काम लावलं असतं.

फर्मागुडी_मेकॅनिकल

मला वाटतं दोन्हीकडचे चुकीच्या ठिकाणी भांडताय. मी इंजिनिअरिंग शिकवतो, संस्थेचं नाव नको. मानशीचं काम गणितामुळे अडलेलं नाही, आमच्यामुळे अडलंय, इंजिनिअर लोकांमुळे. सात-आठ वर्षांपूर्वी मी दोन विद्यार्थ्यांना घेऊन एका मानशीची मापं घेतली होती. दार जड केलं तर ओहोटीला उशिरा उघडतं आणि आत पाणी तुंबतं, हलकं केलं तर भरतीच्या लाटेला फडफडतं आणि चौकट सैल होते, शिवाय लाकूड खाणारे किडे आणि खाऱ्या पाण्यात लोखंडाच्या खिळ्यांची होणारी अवस्था. मस्त प्रश्न आहे खरं म्हणजे. फायबरचं दार बसवायचं तर ते तरंगायला लागतं, मग त्यात वजन कुठे भरायचं हा वेगळाच हिशेब. पण वरून विचारणा झाली की यातून पेपर कुठल्या जर्नलात येणार? उत्तर नव्हतं माझ्याकडे. दार दुरुस्त करण्याला प्रमोशनमध्ये गुण नाहीत. मुलांनी प्रोजेक्ट बदलला आणि सिम्युलेशनवर काहीतरी केलं, त्याचा पेपर आला, तो कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

देश संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो. त्यात गणितवाल्याचा घास काढून मानशीला देऊन पोट कोणाचं भरणार? गुण कशाला देता ते बदला आधी.

म्हापसेकार

हे पटलं. पण गुण ठरवणारे इथे येऊन वाचत नाहीत सर.

कुडचड्याचो_मास्तर

मेकॅनिकल सर, ती मापं अजून आहेत का तुमच्याकडे?

फर्मागुडी_मेकॅनिकल

आहेत, वहीत आहेत. एकाच मानशीची, फक्त तीन दिवसांची. त्यावरून डिझाईन नाही करता येणार. निदान एका पावसाळ्याची पाण्याची पातळी पाहिजे, आतली आणि बाहेरची.

खाजनकार

मी माझं म्हणणं मागे घेत नाही. स्थानिक प्रश्नाला ठरलेला वाटा पाहिजेच, त्याशिवाय कोणी चिखलात उतरणार नाही असं मला अजूनही वाटतं. निम्मा नको तर तिसरा हिस्सा करा, पण लिहून द्या. कोसंबींचं मात्र मला माहीत नव्हतं, भाच्याला विचारलं तर त्यालाही नव्हतं, काल रात्री बसून त्याने ते सूत्र मला वहीवर काढून दाखवलं.

मेकॅनिकल सर, आमच्या वाड्यावर मानशीच्या पावणीच्या (मासेमारीच्या लिलावाच्या) जुन्या वह्या आहेत, मासे किती लागले, दार कधी बदललं, बांध कुठे फुटला, सगळं तारखेसकट लिहिलेलं. पाण्याच्या पातळीचं म्हणाल तर मानशीच्या खांबावर आतून-बाहेरून पट्टी मारून मी स्वतः रोज दोन्ही वेळा लिहून ठेवतो, फक्त कुठल्या रंगाने आणि किती सेंटीमीटरवर खुणा करायच्या ते सांगा. येत्या अमावास्येच्या उधाणाला या, पाणी रात्री उशिरा चढतं. गमबूट आणि बॅटरी घेऊन या, बांधावर साप असतात. भाचा पण येतो म्हणतोय.